बोदोमसोयच्या टाकीतलं विरजण

१

आमच्या केंद्रावर जे मेलं त्याला ना नाव होतं, ना तोंड. तरी त्या सकाळी मस्तुरा टाकीच्या कठड्याला धरून अशी उभी होती, की घरातलं माणूस गेलंय असंच कुणालाही वाटावं.

मी सालोमत. फरगाना खोऱ्यातल्या बोदोमसोयच्या सांडपाणी केंद्रावर कँटीन चालवते. गावाच्या पोटात काय जातं ते मी बघते आणि बाहेर काय येतं ते मस्तुरा बघते. ती इथली मुख्य तंत्रज्ञ. आई लवकर गेली म्हणून अर्धी माझ्या चुलीपाशी वाढलेली, त्यामुळे तिला रागावायचा हक्क माझा आणि तिच्या बापाचा, तिसऱ्या कुणाचा नाही.

"ओपा, इकडे या," ती म्हणाली. मोठ्या बाईला आम्ही ओपा म्हणतो, म्हणजे ताई. "हे बघा."

मी पाहिलं. हवेच्या टाकीत एरवी दाट तपकिरी पाणी खदखदत असतं, ओल्या मातीचा वास येतो. त्या तपकिरीतले जिवाणू गावाची घाण खातात आणि पुढे सोडलेलं पाणी स्वच्छ होतं. मी त्याला विरजण म्हणते. आधी मस्तुरा चिडायची, मग तीही म्हणायला लागली. त्या दिवशी टाकीत भांडी विसळलेलं पाणी असावं तसं काहीतरी फिक्कट हलत होतं.

"पुन्हा?" मी विचारलं.

"पुन्हा. कुणीतरी विष ओततंय, ओपा."

आमच्याकडे टाक्या दोन. एक नूतनीकरणासाठी फोडून ठेवलेली, तिच्यातून सळया वर आलेल्या. सगळ्या गावाचा भार उरलेल्या एकीवर. पाणी जातं सोय नदीत, आणि नदीच्या खालच्या अंगाला एक अख्खं खेडं त्या पाण्यावर जगतं. त्यातली घाण सरकारी मर्यादेत बसली नाही तर खैर नाही. दोन नमुने नापास झाले होते. तिसरा घ्यायला प्रांताची समिती यायची होती. तोही नापास झाला तर केंद्राला टाळं आणि मस्तुरावर खटला, असं लेखी आलं होतं.

नवरोजच्या सणाचा सुमालाक, गव्हाच्या अंकुरांची खीर, खाऊन हात कोरडे होत नाहीत तोच हे.

२

समितीच्या आधी प्रांताने चौकशीला एक बाई पाठवली. वेरा हेगाय. निवृत्तीला टेकलेली, बुटकी, कोटाच्या खिशात सूर्यफुलाच्या बिया. तिला बसता म्हणून येत नव्हतं. चहाचा पेला हातात घेऊन ती कँटीनमध्ये येरझाऱ्या घालायची आणि माझ्या जमिनीवर टरफलं सांडायची.

"वेरा-ओपा, बसा की जरा," मी म्हणाले.

"बसलं की मला काही सुचत नाही, सालोमत-ओपा."

दोघी एकमेकींना ओपा म्हणत होतो, कारण वय विचारायची दोघींचीही हिंमत नव्हती.

तिने माणसं एकेक करून माझ्याच टेबलाशी बोलावली. पहिला आला कोचकोर-आका, म्हणजे कोचकोरदादा. हा जाळीवरचा. गावाचं पाणी आत येतं तिथे लोखंडी जाळी आहे, तिच्यात अडकलेला कचरा हा दाताळ्याने ओढतो. नवीन यंत्र आलं की त्याची गरज उरणार नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण कळलं होतं.

"तुम्हाला नवं केंद्र नकोय, असं म्हणतात," वेरा म्हणाली.

"नकोच आहे. मग? नवं येऊ नये म्हणून जुनं मारीन? जुन्यातच तर मी आहे, बाई!"

"जाळीवर काय येतं हल्ली?"

"चिंध्या. केस. पोरांचे चेंडू. एकदा दातांची कवळी आली होती, मालक काही पुढे आला नाही." तो हसला. "आणि आता फुलांच्या पाकळ्यासुद्धा येतात. जायची वेळ झाली म्हणून गाव माझ्यावर फुलं उधळतंय."

त्याच्या बोलण्यावर मीही हसले आणि विसरले.

दुसरा कंत्राटदार फाझलिद्दीन. चकचकीत बूट घालून चिखलात फिरणारा माणूस. बूट मात्र कधी मळत नाहीत, कारण तो चिखलापर्यंत जातच नाही.

"जुनी टाकी बंद करा, मला मोकळी जागा द्या, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय," तो म्हणाला. "पण मस्तुराखॉनचा हट्ट. चालू ठेवून दुरुस्ती! चालत्या गाडीचं चाक बदलतात का?"

"तुमचे गडी सिमेंटची घमेली कुठे धुतात?"

"खड्ड्यात. नाल्यात नाही. कागदाची पट्टी बुडवून बघा, सिमेंट असेल तर लगेच कळेल."

"बघितली," वेरा म्हणाली. "नाहीये." आणि तिला ते मुळीच आवडलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

तिसरी इनोबत, खालच्या पेठेतली रेशीम रंगवणारी. सगळ्या गावाचा संशय तिच्यावर. ती आली तीच कमरेवर हात ठेवून.

"मी नीळ ओतली असती तर तुमची टाकी निळी झाली असती, डाळिंबाची साल ओतली असती तर पिवळी. इतक्या वर्षांत मी लोकांना रंग दिसावा म्हणून राबले, आणि आता न दिसणारा रंग काढला होय?"

"तिखट आहे बाई," ती गेल्यावर वेरा म्हणाली.

"खरी आहे," मी म्हणाले.

एवढ्यात मांजर माझ्या पायात आलं. पाशा त्याचं नाव, आणि रुबाबही तसाच. मी त्याला ढकललं. "हल्ली हे एक डोक्याला ताप झालंय. एरवी सकाळभर बाहेर त्या लोखंडी झाकणावर पसरलेलं असायचं. आता बघावं तेव्हा माझ्या तंदूरपाशी."

"म्हातारं झालं असेल," वेरा म्हणाली आणि टरफल थुंकली.

कोपऱ्यातल्या टेबलावर मामासोली-बोबो चहा पीत होते. मस्तुराचे वडील, सगळ्यांचे बोबो म्हणजे आजोबा. वरच्या मोहल्ल्याचे मिराब, म्हणजे पाटकरी. डोंगरातून येणाऱ्या पाटाचं पाणी कुणाच्या बागेला कधी आणि किती, हे ते ठरवतात. भाऊ भावावर विश्वास ठेवत नाही, पण बोबोंनी लावलेल्या पाळीवर सगळे ठेवतात. रोज सकाळी ते माझ्याकडे यायचे, स्वतःच्या बागेच्या पाळीच्या दिवशी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन, आणि सलाम करायच्या आधीच विचारायचे, "आज पाणी कसं आहे?"

त्या दिवशी त्यांनी वेरालाही तेच विचारलं.

"वाईट आहे, बोबो."

"पोर हिवाळ्यात म्हणाली होती, घाण फार घट्ट येते, एका टाकीला पचत नाही. तेव्हापासून माझी झोप गेलीय." त्यांनी पेला पालथा घातला. "पकडा त्याला. कुणीही असो."

३

वेराने नमुने प्रांताच्या प्रयोगशाळेत पाठवले होते. उत्तर आलं तेव्हा ती कँटीनच्या दारात उभी होती. उभ्या उभ्या वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"काय निघालं?" मस्तुराने विचारलं.

"काही नाही. विष नाही, सिमेंट नाही, रंग नाही. उलट आत येणारं पाणी पूर्वीपेक्षा पातळ आहे. घाण कमी, पाणी जास्त."

"मग विरजण मरतं कशाने?"

वेरा कागद उलटून बघायला लागली. पण फाझलिद्दीन मागे उभा होता, आणि उत्तर त्याच्याकडे होतं.

"पातळ आहे?" तो म्हणाला. "म्हणजे कुणीतरी स्वच्छ पाणी मिसळतंय. नमुना पास व्हायची गरज इथे कुणाला आहे? मला? इनोबतला?" त्याने मस्तुराकडे पाहिलं, मग आढ्याकडे. "मी कुणाचं नाव घेत नाही."

नाव न घेताच त्याने ते घेतलं होतं. पाणी मिसळून आकडे खाली आणणं ही आमच्या धंद्यात फसवणूक. घाण तेवढीच राहते, फक्त लपते. त्यासाठी नापास नमुन्यापेक्षाही मोठी शिक्षा आहे.

मस्तुराचा चेहरा उतरला. "मी पाणी घातलं असतं, तर माझी टाकी अशी झाली असती का?" ती एवढंच म्हणाली. तेव्हा त्या वाक्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. मी फाझलिद्दीनच्या सूपमध्ये मीठ जास्त घालायचं ठरवण्यात गुंतले होते.

संध्याकाळपर्यंत गावात झालं की पोरगी गुपचूप नळ सोडून ठेवते. आमच्या गावाला बातमी पोचवायला वाऱ्याचीसुद्धा गरज लागत नाही.

४

दुसऱ्या दिवशी उकडत होतं म्हणून मी चालोप केलं. दही घुसळायचं, पाणी, मुळा, काकडी, शेपू. दहा-बारा माणसांपुरतं केलं, तर सळया बांधणारे सगळे गडी आत आले. मी पाणी वाढवलं. आणखी आले, आणखी वाढवलं. पातेलं काठोकाठ भरलं आणि शेवटचा तांब्या ओतला तसं वरचं दही ओघळून थेट माझ्या पायावर.

वेराने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे चालोप आहे की नदी?"

"दही होतं तेवढंच होतं. पाणी वाढलं, पातेलं लहान. मी काय करू? जे घट्ट होतं ते तर सांडून गेलं वरून."

ती येरझाऱ्या घालायची थांबली. ही बाई थांबलेली मी पहिल्यांदाच बघत होते, मला धसकाच बसला.

"वरून सांडून गेलं," ती म्हणाली. "मेलं नाही. सांडलं."

पेला तसाच ठेवून ती बाहेर धावली. मीही, हातात डाव घेऊन. आत येणाऱ्या नळाच्या चेंबरवर लोखंडी झाकण आहे, तिथे तिने वाकून तळहात ठेवला. मग माझा हात ओढून ठेवला. झाकण कोमट लागलं.

"गटाराचं पाणी उबदार असतं," ती म्हणाली. "लोकांनी आंघोळी केलेलं, भांडी धुतलेलं. म्हणून तुमचं मांजर इथे झोपायचं. ते उठून गेलं कधी?"

"रोज नाही हो. अधूनमधून. ज्या सकाळी टाकी..." मी झाकणावरून हात उचलला. ज्या सकाळी टाकी फिक्कट व्हायची, त्याच सकाळी पाशा तंदूरपाशी यायचा. मी त्याला लाथेने हाकलत होते आणि बिचारा साक्ष देत होता.

तिथून ती नदीकाठी गेली, केंद्राचं पाणी पडतं त्या दगडांवर. सगळ्या दगडांवर तपकिरी थर बसला होता. तिने बोटावर घेऊन वास घेतला. ओल्या मातीचा.

"हे घ्या तुमचं विरजण. गार पाण्याचा लोंढा येतो, जिवाणू गारठतात, आणि एकुलती एक टाकी तुंबून त्यांना बाहेर लोटून देते. खून नाहीच, सालोमत-ओपा. स्वच्छ पाण्याने घात केला."

"पण एवढं स्वच्छ पाणी आणणार कोण? गावात नळाला करंगळीएवढी धार येते!"

"तेच तर. नळाचं नाही." ती कोचकोर-आकाकडे वळली, जाळीवर. "आका, त्या पाकळ्या कसल्या होत्या?"

"पांढऱ्या. जराशा गुलाबी. जर्दाळूच्या, आणखी कसल्या?"

"गावात जर्दाळू कुठे आहे?"

"गावात? गावात नुसते चिनार. जर्दाळू सगळे वरच्या मोहल्ल्यात, पाटावर."

पाट. वेराने माझ्याकडे पाहिलं. "आपलं चांगलं पाणी असं ओतणाऱ्याला केंद्राची काळजी आहे, पण केंद्र कळत नाही. कोचकोर-आकाला काळजीही आहे आणि कळतंही. कंत्राटदाराला काळजी नाही. इनोबत खालच्या पेठेत, तिच्याकडे पाट पोचतच नाही. वरच्या मोहल्ल्यात त्या त्या पहाटे पाण्याची पाळी कुणाची होती, हे कुणाला माहीत असेल?"

मला माहीत होतं. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन कोण यायचं आणि कोणत्या सकाळी, हे मला माहीत होतं. मी नाव घेतलं नाही, पुढच्या पाळीचा दिवस तेवढा सांगितला.

५

पुढच्या पाळीच्या दिवशी उजाडताना आम्ही दोघी वर गेलो. मस्तुराला सांगितलं नाही. वाटेत दोन्हीकडच्या बागा ओल्या, गवत गुडघाभर, पक्ष्यांचा गलका. मग मामासोली-बोबोंची बाग आली आणि मी थांबलेच.

जमिनीला भेगा पडल्या होत्या. फुलं केव्हाच गळाली होती, आणि फांद्यांवर जी हिरवी फळं धरायला हवीत ती सुकून काळी पडली होती. सगळ्या मोहल्ल्याला पाणी वाटणाऱ्या माणसाची बाग कोरडीठाक. मला रडूच आलं. ज्या झाडाखाली बसून मी लहानग्या मस्तुराला जर्दाळू सोलून दिले होते, त्या झाडाची पानं वळून गेली होती.

बोबो बांधापलीकडे होते. हातात फावडं, पाय चिखलात. पाटाला त्यांनी एक चर काढला होता, तो गटाराच्या उघड्या झाकणापर्यंत. डोंगराचं बर्फ वितळून आलेलं निळसर पाणी घोंघावत आत जात होतं.

त्यांनी आम्हाला पाहिलं. पळाले नाहीत, फावडंही टाकलं नाही. उलट पोरगी शाळेत पहिली आल्यावर असायचा तसला चेहरा.

"मस्तुराला सांगू नका," ते म्हणाले. "ओशाळेल. पातळ झालं ना पाणी? तुमच्या कागदात आलं म्हणे."

"झालं, बोबो," वेरा म्हणाली.

"मग? घट्ट पचत नव्हतं तिला. आजारी माणसाला आपण सूप पातळ करून देतो, तसं. दुसऱ्याचं थेंबभर घेतलं नाही हं. माझीच पाळी."

वेरा त्या माणसासमोर काय बोलणार होती, कुणास ठाऊक. मीच बोलले. कुणीतरी बोलायलाच हवं होतं, आणि मला आडवळण जमत नाही.

"बोबो, दह्यात गार पाणी ओतत राहिलं तर दही लागतं का? तिचं विरजण वाहून गेलं. दोन्ही वेळा. या पाण्याने."

त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी एका झटक्यात फावड्याने चर बुजवला. ढेकळामागून ढेकूळ टाकत राहिले, पाणी केव्हाच थांबलं होतं तरी. नंतर बांधावर बसले.

"मीच?" ते म्हणाले. "पकडा म्हणालो होतो ना मी तुम्हाला. तो मीच?"

वेरा त्यांच्याशेजारी बसली. पहिल्यांदाच बसली.

"मी समितीपुढे सांगतो," बोबो म्हणाले. "मी केलं म्हणून."

"तेच तर अवघड आहे. बापाने पाणी मिसळलं म्हटल्यावर ते विचारतील, सांगितलं कुणी? मुलीने. आणि गप्प बसलात, तर मुलीनेच मिसळलं म्हणतील."

६

समिती यायला अवधी होता, पण फार नाही. मस्तुराला वेराने एवढंच सांगितलं, की पाटाचं पाणी गटारात शिरत होतं, ते बंद झालं. मस्तुराने पुढचं विचारलं नाही, तिला श्वास घ्यायलाही वेळ नव्हता. शेजारच्या गावाच्या केंद्रावरून तिने टँकर भरून गाळ मागवला. शेजारणीकडे वाटी घेऊन विरजण मागायला जावं, तशी स्वतः गेली. टाकीपाशीच जेवायची, टाकीपाशीच चिडायची. हळूहळू पाणी फिक्कटाचं तपकिरी झालं, तपकिरीचं दाट. एका सकाळी ओल्या मातीचा वास माझ्या कँटीनपर्यंत आला आणि पाशा उठून झाकणावर गेला. मी त्याला बशीभर साय दिली.

तिसरा नमुना मर्यादेत बसला.

पण समितीचे प्रमुख निशोनोव-आका पेन खिशात ठेवेनात. जाडजूड, हळू बोलणारा माणूस. कँटीनमध्ये सगळे जमले होते. फाझलिद्दीन, इनोबत, कोचकोर-आका, मस्तुरा. कोपऱ्यात नेहमीच्या जागी मामासोली-बोबो, फावडं भिंतीला टेकवलेलं.

"आजचा पास झाला," निशोनोव म्हणाले. "पण आधीच्या वेळी येणारं पाणी पातळ होतं. कुणीतरी मिसळत होतं. तक्रार आहे, की ते मुख्य तंत्रज्ञांनी केलं."

"पाटाचं पाणी होतं," वेरा म्हणाली. "वरच्या मोहल्ल्यातून सोडलेलं. दगडांवर गाळ आहे, जाळीवर पाकळ्या होत्या, आणि पाणी गार होतं याला एक साक्षीदार आहे, त्याला शेपूट आहे."

कोचकोर-आका खुसकन हसला.

"म्हणजे मिसळलं हे खरं," फाझलिद्दीन म्हणाला.

"खरं. आता सांगा, मिसळून मस्तुराचा फायदा काय झाला? दोन नमुने नापास. ही बाई इथे राहते म्हटलं तरी चालेल. एक टाकी चालू असताना गार पाण्याचा लोंढा सोडला तर काय होईल, हे हिला माहीत. कोचकोर-आकाला माहीत. तुम्हालाही माहीत असावं, अशी आशा आहे. ज्याला हे काम कळतं तो हे कधीच करणार नाही. हे त्यानेच केलं ज्याने फक्त एक वाक्य ऐकलं, की घाण फार घट्ट येते. आणि ज्याच्याजवळ देण्यासारखं एकच होतं, पाणी."

मस्तुराने हळूहळू मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. तिला कळलं ते मी पाहिलं, आणि न पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

बोबो उठले. "मी सोडलं. तिला माहीत नव्हतं. कुराणावर हात ठेवून सांगतो."

निशोनोव त्यांच्याकडे वळले. तेही याच फरगाना खोऱ्यातले, पाटाच्या काठी वाढलेले. त्यांनी ना कायद्याचं कलम विचारलं, ना दंडाचं.

"पाणी कुणाच्या पाळीचं?"

"माझ्या."

"सगळ्या वेळी?"

"सगळ्या वेळी. बाग बघा जाऊन."

"पाहिली," वेरा हळू म्हणाली. "या वर्षी एक फळ नाही. पुढच्या वर्षी झाडं उरली तर बघायचं."

आमच्याकडे पाण्याच्या पाळीवरून माणसं कोर्टात जातात, सोयरिकी मोडतात, सख्खे भाऊ फावडी उगारतात. आपली पाळी कुणी कुणाला देत नाही. निशोनोवनी पेन खिशात ठेवलं.

"जाणूनबुजून कुणी केलं नाही, असं लिहितो. आणि ते झाकण पक्कं बसवून घ्या."

बोबोंनी फावडं उचलून टेबलावर ठेवलं, माझ्या पावांच्या बाजूला. "ज्याला स्वतःच्या पाळीचं पाणी कुठे सोडावं कळलं नाही, त्याने मोहल्ल्याचं पाणी वाटू नये. दुसरा मिराब बघा."

"ते मोहल्ला ठरवेल," निशोनोव म्हणाले. "फावडं उचला, बोबो. पुढच्या पाळीला लागेल."

सगळे पांगले. मस्तुरा बापाजवळ गेली. मला वाटलं, गळ्यात पडेल.

"तुम्ही मला विचारायचं होतं," ती म्हणाली. "एकदा. एकदा तरी विचारायचं होतं, ओताजान!"

"तू दमून यायचीस. विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"हो! नको म्हणाले असते!"

ती दार आपटून टाकीकडे निघून गेली. बोबो चहा न पिता घरी गेले. दिवसभर मला काही सुचेना. दोन वेळा मीठ घातलं, गड्यांनी मुकाट्याने खाल्लं.

७

मोहल्ल्याने बोबोंचं फावडं परत घेतलं नाही, त्यांच्याकडेच ठेवलं. शिव्या मात्र पोटभर दिल्या. अख्ख्या मोहल्ल्यात पाण्याची अक्कल एकाला आणि तोच गटारात ओततो, असं दहा जणांनी तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

त्यानंतरच्या पाळीला मी उजाडताना वर गेले, टोपलीत गरम नान आणि चालोप घेऊन. या वेळी घट्ट केलं होतं. मला वाटलं म्हातारा एकटा असेल.

मस्तुरा आधीच आली होती. केंद्रावरचे रबरी बूट, डोक्याला ओढणी करकचून बांधलेली, फावडं तिच्या हातात. बापलेक बोलत नव्हते. ती दारं धरत होती, एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी फिरवत, आणि चुकत होती. बोबो बांधावर बसून तिच्या चुका बघत होते आणि जिभेला आवर घालत होते. भेगांमध्ये पाणी शिरताना बारीक बुडबुडे येत होते.

मी टोपली ठेवली. कुणी हात लावला नाही.

मग तिने फावडं रोवलं आणि बापाकडे न बघताच विचारलं, "आज पाणी कसं आहे, ओताजान?"

म्हाताऱ्याने वाकून पाटात हात बुडवला.

"गार आहे," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "तू सांग. कुठे सोडू?"

तिने पलीकडचं झाड दाखवलं. ते उठले आणि तिने सांगितलं तिकडे पाणी वळवलं.